पहिला तुकडा

‘‘घरी कुत्रं हाय काय?’’ केकच्या डब्याला दोरा बांधता बांधता मावशी विचारायची. गिऱ्हाईक ‘हो’ म्हणालं, की गाठ तिथेच थांबायची.

‘‘मंग याच्यातलं बोटभरही त्याले देऊ नका. मरते ते.’’

पांढुर्ण्यात तिची बेकरी होती. मी आठवीतून शाळा सोडलेला, कोल्हापूरकडचा. इथे ना नातं ना गोतं. तिने भट्टीमागची खोली दिली, स्वतःच्या घरचं ताट वाढलं. त्यामुळे तिच्या असल्या बोलण्यावर गिऱ्हाईक चिडून गेलं की मला एकच काळजी: दुकान बसलं तर मी कुठे जाणार?

पण तिचा हा हट्ट उगाच नव्हता. पहिली पोळी कुत्र्याची, ही रीत तुम्हीही पाहिली असेल. तिच्या दारातला काळ्या त्या पोळीवरच मोठा झाला. मग गल्लीत एका पोराचा वाढदिवस आला. केक आमच्याच भट्टीतला, गडद चॉकलेटचा. पोराच्या आजीने मोठ्या भक्तीने पहिला तुकडा काळ्याला घातला. तुकडा कसला, चांगला चतकोर केक. थोड्या वेळाने उलट्या, मग थरथर, मग झटके. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, कोकोत एक द्रव्य असतं. माणसाचं शरीर ते लवकर बाहेर टाकतं. कुत्र्याच्या अंगात ते तासन्‌तास राहतं आणि काळजावर जातं. जितका कोको गडद, तितकं वाईट.

काळ्या वाचला नाही. ‘‘मीच बनवून राहिली हे जहर, अन् मलेच मालूम नाही,’’ मावशी म्हणाली. तेव्हापासून तो प्रश्न सुरू झाला.

एकदा एक साहेब हसले. ‘‘माणसं मरून राहिली, अन् तुम्हाले कुत्र्याचं पडलं.’’

मावशीने डबा परत ओढला. ‘‘माणसाले सांगता येते, पोट दुखून राहिलं म्हणून. जा, दुसरीकडून घ्या.’’

यंदा ती गेली. तेरवीला तिच्या पुतण्याने गाय, कावळा, कुत्रा यांची पानं काढली. कुत्र्याच्या पानावर चॉकलेट पेस्ट्री होती.

‘‘बेकरीवालीची तेरवी हाय, केक नको काय?’’ तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. एवढी वर्षं ती घसा फोडून सांगत होती, ते काय भिंतींना? मी पेस्ट्री उचलली.

‘‘काऊन बे, नैवेद्याले हात लावून राहिला?’’ पुतण्या ओरडला.

मी ती सगळ्यांदेखत तोंडात कोंबली. मग चुलीजवळून पहिली पोळी आणून पानावर ठेवली, आणि गल्लीतलं कुत्रं येऊन ती संपवेपर्यंत तिथून हललो नाही.