अकरा एक्के

चांगदेव मूळचा निमोण्याचा, नोकरी दौंडला रेल्वेत. यार्डात मालगाडी लागली की वही घेऊन तिच्या कडेनं चालायचं आणि प्रत्येक वॅगनचा नंबर उतरवायचा, हे त्याचं काम. नंबर वॅगनच्या दोन्ही अंगांना रंगवलेला असे. या बाजूनं वाचायचा, मग पलीकडं जाऊन पुन्हा ताडायचा. तीस वर्षांत त्याचा एक नंबर चुकला नव्हता.

१९९४ साली त्याचे जुने मास्तर आनंदराव गुरुजी यांनी त्याच्या डोक्यात भुंगा सोडला. अकरा वेळा एक लिहून होणारी संख्या कशानं भागली जाते का? सात एक्के २३९ नं तुटतात, हे गुरुजींनी करून दाखवलं. अकरांचं त्यांना जमलं नव्हतं. एक सवलत मात्र दिली: भाजक असलाच, तर त्याला बावीसनं भागून बाकी एकच उरणार. म्हणजे तेवीस, पंचेचाळीस, सदुसष्ट असं बावीस-बावीसनं चढत एक लाख साडेपाच हजारांपर्यंत जायचं; तिथवर तुटली नाही, तर ती पुढंही तुटत नाही. त्यातल्या तीननं, पाचनं जाणाऱ्या संख्या आधीच खोडायच्या.

नऊ वर्षं तो भागत राहिला. यार्डातली माणसं विचारत, याचा उपयोग काय. त्याला त्या प्रश्नाचा इतका वीट आला, की त्यानं डबा एकट्यानं खायला सुरुवात केली. २००३ मध्ये शेवटचा भागाकार संपला. बाकी उरलीच.

गुरुजी चौऱ्याऐंशीचे. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी हेडमास्तरांना सांगून निमोण्याच्या शाळेच्या भिंतीवर रंगवायचं ठरवलं: अकरा एक्के, अविभाज्य संख्या, शोधक चांगदेव. तो नको नको म्हणाला. कुणी ऐकेना. वर हेडमास्तरांनी निरोप धाडला, की सगळ्या संख्यांची यादी स्वच्छ लिहून पाठवा, काचेत लावू.

रविवारी सकाळी तो यादी उतरवायला बसला. २१६२७, मग २१६९९, मग २१६७१. त्याचा हात थांबला. गाडी पुढं जाऊन मागं कशी आली? मधली संख्या २१६४९ हवी. त्याचा इंग्रजी चार डोकं मिटलं की नऊ दिसायचा. अंकांची बेरीज सत्तावीस धरून, तीननं जाते म्हणून त्यानं ती खोडली होती.

त्यानं पाकिटाच्या पाठीवर भागाकार मांडला. भाग ५१३२३९, बाकी शून्य.

"तुटला," तो बायकोला म्हणाला.

"तुटला तर तुटला," अनसाबाई म्हणाली. "नऊ वर्षं माझ्या भाकरी गार झाल्या, त्याचं काय?"

उद्या पाहुण्यांच्या हस्ते भिंतीचं उद्घाटन होतं. त्याच्या नावाखाली पोरं चुकीचं पाठ करणार, आणि साक्षीला गुरुजींचा शब्द. गावाकडं जाणारी शिरूरची एस.टी. तासभर आली नाही. आली ती दर फाट्याला थांबली. शेजारच्यानं कुठं निघालात म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं खिडकीकडं तोंड केलं.

शाळेत पोचला तर भिमा पेंटरची ओळ पुरी झाली होती. गुरुजी समोर खुर्ची टाकून बसले होते.

"गुरुजी, तुटला."

"कितीनं?"

त्यानं सांगितलं. गुरुजींनी पाटी मागवली आणि स्वतः गुणाकार केला. पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात हेडमास्तरांनी पाहुणे, रंग, आता काय करायचं, असं तीनदा विचारून घेतलं. पाटीवर अकरा एक्के उतरले.

"बरोबर हाय," गुरुजी म्हणाले. "आन् नऊ वर्षं तू काय बघत व्हतास?"

"एकाच बाजूनं वाचलं."

"यार्डात असं केलं असतंस तर?"

"मेमो मिळाला असता."

"मंग हितंबी घे." गुरुजींनी भिमाला खूण केली. "अविभाज्य पूस. खाली दोन्ही भाजक लिही. नाव ऱ्हाऊ दे."

"नाव नको," चांगदेव म्हणाला.

"तोडला कुणी मग, हेडमास्तरांनी?"

भिमानं पुसून नवं लिहायला घेतलं. दोन, एक, सहा. मग चार काढला, तो डोकं मिटलेला. चांगदेवनं कपाळावर हात मारला, ब्रश हिसकून घेतला आणि उघड्या डोक्याचा चार स्वतः काढला. मग रस्ता ओलांडून पलीकडं गेला आणि तिथून सगळी ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली.