उन्हाची क्रीम आधी कुणाला लावली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या कामतघर वस्तीत मला सगळे चोख माणूस समजतात — तारीख वाचल्याशिवाय बिस्किटाचा पुडाही न घेणारा. ते खरंच आहे. म्हणूनच तर सांगायला इतकी वर्षं लागली.

नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं. माझी सोनल तेरा वर्षांची. उन्हात गेली की गालांवर लाल चट्टे उठायचे. डॉक्टर म्हणाले, सनस्क्रीन लावा. आमच्याकडे तोवर उन्हाला टोपी नाहीतर पदर — असली क्रीम कुणाला ठाऊक? दुकानात एका ट्यूबवर पंधरा लिहिलेलं, दुसरीवर तीस. मी विचारलं, तीस म्हणजे दुप्पट का? "हां, डबल." इतक्या चटकन हो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. दुप्पट कसली? कुणी मोजली? "सेठ, क्रीम लेना है या कंपनी?" तो हसला. मी तीसची घेतली.

घरी येऊन पाहतो तर तारखेवर स्टिकर. नखाने कोपरा उचलला — खाली आणखी एक छापील तारीख, पुसटलेली. कोणती, ते वाचता येईना.

इथेच थांबायला हवं होतं, नाही का? पण मला शंका होती, खात्री नव्हती — आणि माझं कामच खात्री करण्याचं. मी कापडाच्या गोदामात तपासनीस. रंगीत कापडाचा ताका आला की कडेचा तुकडा कापायचा, अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून गच्चीवर उन्हात ठेवायचा, रंग उडतो का बघायचं. मधून कधी कापायचं नाही. कडेचा तुकडा वाया गेला तरी ताक्याचं काही बिघडत नाही.

माझ्या घरात आणखी एक मुलगी होती. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी आणि त्यांची वैशाली आमच्याकडेच राहायच्या. वैशू सोनलहून वर्षाने मोठी.

स्वतःच्या हातावर का नाही लावून पाहिली? तेव्हा मनाशी म्हटलं — माझी कातडी राठ, तिच्यावरून काय कळणार? पोरीचीच कातडी हवी. ते खोटं नव्हतं. पण पोरी दोन होत्या.

मी वैशूला हाक मारली. म्हटलं, ही तुझ्यासाठी, खो-खोला जाताना लाव. "खरंच काका? सोनूच्या आधी मला?" — किती खूश झाली होती! मी म्हटलं, तिला नंतर. तेही खोटं नव्हतं. आणि तिने, त्या आनंदात, चेहराभर थापली.

दुसऱ्या दिवशी तोंड सुजलं, डोळे मिटले. शाळेचा सामना हुकला. वहिनींनी ट्यूब पाहिली आणि तिच्यावर धावल्या — "सोनूची वस्तू कोनाला इचारून लावलीस गो? ज्यांच्या घरात खातंस, तिथंच चोरी?" मी तिथेच होतो, हातात पेपर. सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून वैशूने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी पान उलटलं. आणि तिने — चौदा वर्षांच्या पोरीने — मान खाली घातली. "चुकलं, आई."

सोनलसाठी मी ठाण्याहून दुसरी ट्यूब आणली, ती तिला मानवली. आमचे हे सगळं तपासून घेतात हो, असं बायको अजून कौतुकाने सांगते. वैशूच्या गालावरचा काळसर डाग वर्षभर गेला नाही. आणि मी? मी तिच्यावरच संशय घेत राहिलो. ही गप्प का? आईला सांगितलं असेल का? आज वहिनींनी चहा न बोलता का ठेवला? दुकानदार, स्टिकर, वैशू — सगळ्यांवर शंका घेऊन झाली.

गेल्या मेमध्ये वैशू सासरहून, गणेशपुरीहून, दोन वर्षांच्या लेकीला घेऊन आली. ऊन कडक होतं. त्या दोघी निघताना मी घरातली ट्यूब पुढे केली, तारीख मोठ्याने वाचून दाखवली. तिने झाकण काढलं आणि बोटभर क्रीम स्वतःच्या मनगटाला लावली. लेक हात पुढे करत होती. "थांब गो बाय. आधी आई." मग दारातल्या उन्हात मनगट धरून बसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

पाव तास झाला असेल. मी समोरच बसलो होतो — सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून, बटणं लावून.