पत्रकाची मागची बाजू

आम्ही पोलीस संरक्षण मागितलं. मिळाला रिव्हॉल्व्हरचा परवाना. म्हणजे सरकारचं म्हणणं असं, की जीव तुमचा तुम्ही सांभाळा, शिक्का तेवढा आम्ही मारून देतो.

संघटनेतल्या माझ्या सोबत्याला खर्ड्याकडच्या एका गावात ठार मारलं होतं. डोळ्यांनी पाहणारी एकटी त्याची आई. साक्षीच्या दिवशी तिला नगरच्या कोर्टात आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि धमक्याही मलाच येत होत्या. कोर्टाच्या दारात हत्यार जमा करावं लागणार होतं. प्रश्न रस्त्याचा होता.

रिव्हॉल्व्हर तळहातात मावणारं, नळी बोटापेक्षा आखूड. सात मीटरवरचा कागदसुद्धा चुकायचा. शिकवणारे काका केडगावचे, सैन्यातून निवृत्त झालेले. एकदा त्यांनी मला न सांगता त्यातली गोळ्यांची दोन घरं रिकामी ठेवली. मी चाप ओढला. नुसतं खट् झालं, आणि नळीनं मान खाली घातली.

"गोळीच नव्हती! मग दचकलात कशाला?"

"आवाजाला."

"जो झालाच नाही त्याला? भाषणात माईक किंचाळतो तेव्हा बरं दचकत नाही!"

मग सावेडीतल्या माझ्या खोलीत, रिकामं आहे हे दोनदा तपासून, मी रोज भिंतीसमोर चाप ओढायला लागले. एका दमात, मधे न थांबता, बाकीची बोटं न आवळता. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक उंचवटा, स्वच्छ दिसली पाहिजे, समोरचं धूसर झालं तरी चालेल, असं काका सांगत. मला ते पटेना. ज्याच्यावर गोळी झाडायची तोच धूसर? हे कसलं शिक्षण?

एक दिवस रेंजवरचे नेम धरायचे छापील कागद संपले. माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा असतोच. आमच्यात कोरी बाजू कुणी वाया घालवत नाही. बैठकीची टिपणं, किराणा, निरोप, सगळं पत्रकाच्या पाठीवर. मी चहाचा कप पालथा ठेवून गोल काढला आणि कागद चौकटीला लावला.

पाचही गोळ्या गोलात बसल्या.

"शाब्बास!" म्हणत काका कागद काढायला गेले. काढला, उलटा केला आणि तिथेच उभे राहिले.

पुढच्या बाजूला सोबत्याचा फोटो होता. डोळे, नाक काही उरलं नव्हतं. खालची 'मारेकऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे' ही ओळ शाबूत. ती मीच लिहिलेली.

"कागद आहे, पोरी," काका म्हणाले.

"दिसतंय मला!" मी त्यांच्यावर ओरडले.

तेव्हापासून माशी स्वच्छ दिसली की मागच्या धुरकटात कुणीतरी उभं असतं. तोंड ओळखू येत नाही. पण भीती त्याची नाही. भीती ही, की त्यानंतरही माझा नेम बिघडला नाही.

साक्षीच्या सकाळी गाडीत मागच्या सीटवर त्याची आई माझ्या उजवीकडे बसली. गाव मागे पडल्यावर तिनं हळूच विचारलं, "ते घेतलंस का?"

"हो, मावशी."

"नीट लागतं का गं तुला?"

"लागतं."

"कशावर शिकलीस?"

"कागदावर."

"तेच बरं," ती म्हणाली. "कुनाला दुखत न्हाई."

मग पदर डोक्यावर ओढून तिनं माझ्या उजव्या खांद्यावर मान टाकली आणि झोपली. हात पिशवीतल्या रिव्हॉल्व्हरपर्यंत न्यायचा तर तिला उठवावं लागलं असतं. नगर येईपर्यंत मी हललेच नाही.