उभं राहून दिलेला होकार

अंगाने काडीपैलवान, पण रोलर चालवायचा म्हणून सगळे त्याला हत्ती म्हणत. बायकोही चिडली की म्हणायची, तुमचा हत्ती बांधा आणि जेवायला या.

गरम डांबरावर रोलर उभा करायचा नाही, हा त्यांच्या टोळीचा पहिला नियम. चाकावर पाणी सोडत पुढे जायचं, मागे यायचं, माल थंड होईस्तोवर. मध्येच थांबलं की चाकाखाली खोलगट बशी बसते, बशीत पाणी साचतं, आणि पाणी मुरलं की रस्त्याचं आयुष्य संपलं. एकदा तो विडी पेटवायला थांबला होता. त्या बशीचा खड्डा झाला आणि नेमका सख्खा मेव्हणाच त्यात स्कूटरसकट आपटला. पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून मेव्हणा हसला की हत्ती मान खाली घालायचा.

त्याच मेव्हण्याने आता मोठ्या मनाने त्याला आपल्या पंखेदुरुस्तीच्या दुकानात बोलावलं होतं. रोलरच्या हादऱ्यांनी हत्तीची पाठ कामातून गेली होती. बायको मागे लागली की तो म्हणायचा, एवढा रस्ता होऊ दे. तो व्हायचा, पुढचा निघायचा. शेवटी तिने पिशवी भरली आणि भावाकडे कायमची राहायला निघाली. वाटेत बस थांब्यासमोरच त्याचं काम चाललेलं.

रोलर जवळ आला तशी ती म्हणाली, "अहो, खाली उतरा."

"अगं, आत्ताच माल पडलाय." रोलर मागे गेला. परत आला तेव्हा तो वरूनच ओरडला, "हो म्हणतो ना! सोडतो हे काम."

"तुमचं चालत्या गाड्यावरचं हो मी लग्नापासून ऐकतेय," ती म्हणाली. "खाली या, माझ्यासमोर उभे राहा आणि सांगा. घाण्याच्या बैलालाही कधीतरी सोडतात."

तो पुन्हा लांब गेला. माझ्या जागी कुणी चढेल का, असं मुकादमाला हातानेच विचारलं. त्याने दुसरा ड्रायव्हर नाही म्हणून हात हलवले. परत येताना बस वळणावर दिसली. हत्तीचा पाय ब्रेकवर गेला. खाली डांबर काळंभोर चकाकत होतं, वाफ अजून निघत होती. बायको त्याच्या पायाकडेच बघत होती.

पाय ब्रेकवरून सरकला. रोलर मागे निघाला.

पलीकडच्या टोकाला पोचून त्याने पाहिलं, तर थांबा रिकामा होता.

माल थंडावल्यावर त्याने रोलर जुन्या रस्त्यावर नेऊन लावला आणि उतरला. मुकादमाने पाठीवर थाप मारली, नेमकी दुखऱ्या जागी. म्हणाला, हत्ती, कितीही पाऊस पडू दे, हा तुकडा हलायचा नाही. एवढ्यात वाफाळत्या मालाचा पुढचा ट्रक उलटा मागे येऊ लागला. हत्तीने चाकाचं पाणी तपासलं आणि वर चढला.