हर्षालीचं मानपत्र

आमच्या शाळेत आजवर सत्कार झाले ते फक्त निवृत्त होणाऱ्यांचे. मी इथला क्लार्क, उमाशंकर. बावीस वर्षांत अकरा मानपत्रं लिहिली आणि अकराही शब्दशः एकच. नाव बदलायचं, तारीख बदलायची, छापायचं. कुणाची तक्रार आली नाही, कारण मानपत्र वाचतं कोण? ते भिंतीवर टांगायला असतं. म्हणून हर्षालीच्या वेळी जे झालं, त्याचा सगळा दोष माझ्यावर टाकणं मला अजून मान्य नाही.

हर्षाली ही गुंडाप्पाची मुलगी. लोहाऱ्याच्या रस्त्याला त्याचं चार एकर रान आणि तीसेक शेरडं. ती आठवीत असताना आमच्या क्रीडाशिक्षकांनी, शंभुलिंग सरांनी, तिला शेरडं वळताना पाहिलं. भरकटलेल्या शेरडाच्या नेमकं पुढं ती दगड टाकायची. शेरडू दचकून मागं फिरायचं, पण दगड कधी लागायचा नाही. सरांनी त्याच दिवशी तिला सॉफ्टबॉलच्या संघात घेतलं. निवडीची भानगड नव्हतीच. पोरी आठ होत्या आणि नववी मिळत नव्हती.

तिला कॅचर केलं. म्हणजे बॅटवालीच्या पाठीमागं उकिडवं बसायचं, तोंडाला जाळी, छातीला पॅड, पायाला गार्ड, आणि येईल तो चेंडू झेलायचा. सगळं मैदान समोर दिसतं ते कॅचरलाच, त्यामुळे बाकीच्या आठ जणींना ओरडून हलवायचं कामही तिचंच. हे मात्र तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पेपरात पहिला फोटो आला तेव्हा तिची आई तारामती, जी दिवसाकाठी चार वाक्यं बोलते, त्यातलं एक बोलली, "ह्यात आपली कुठाय? ही तर वेल्डिंगवाली दिसायलीय."

पाच वर्षांत ती चार वेळा राज्य स्पर्धा खेळली. यंदा बारावीत अंतिम सामना होता. आमच्या पोरी एका धावेनं पुढं, आणि कोल्हापूरची एक धिप्पाड मुलगी बरोबरीची धाव घ्यायला सुसाट येत होती. ही चेंडू घेऊन आडवी उभी राहिली. दोघी आदळल्या, लोळल्या. धूळ बसली तेव्हा चेंडू हिच्या हातमोज्यात होता, म्हणजे ती मुलगी बाद आणि सामना आमचा, आणि ही त्या मुलीला विचारत होती, "लागलं का गं?" हे सांगताना शंभुलिंग सरांचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही आले.

सत्कार ठरला. पण त्याआधीच एक पेच पडला होता. संभाजीनगरच्या एका कॉलेजनं तिला खेळाडू म्हणून बोलावलं होतं, राहणं-जेवण त्यांच्याकडं. सोमवारपर्यंत बापाची सही हवी होती. गुंडाप्पा म्हणाला होता, "बघू." आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाही, फक्त चहा पाजून सांगितलेलं. सर तीनदा त्याच्या घरी जाऊन आले. तिन्ही वेळा चहा झाला.

शनिवारी सकाळी कार्यक्रम झाला. गुंडाप्पाला फेटा बांधून पहिल्या रांगेत बसवलं. तीन पाहुणे बोलले, तिघेही क्रिकेटवर. मग मी मानपत्र वाचायला उठलो. पहिले दोन परिच्छेद मी खरोखर नवे लिहिले होते. तिसऱ्याला हात लावायचा राहिला होता, आणि एकदा लय लागल्यावर मला थांबता येईना.

"आज आपण प्रदीर्घ सेवेतून सन्मानाने निवृत्त होत आहात. उर्वरित आयुष्य आपण नातवंडांच्या सहवासात व देवधर्मात सुखाने व्यतीत करावे..."

पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. हेडसरांनी डोळे मिटून घेतले. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या गुंडाप्पानं, आणि अगदी मनापासून. त्याला वाटलं, शाळेनंच खेळाचा निकाल लावून टाकला.

त्या टाळ्या हर्षालीनं पाहिल्या. तिनं येऊन माझ्या हातातला माईक घेतला. तिला त्याची काही गरज नव्हती.

"म्या न्हाय रिटायर झाले," ती म्हणाली. "आप्पा, घरी विचारलं की तुमी बघू म्हणता. म्हणून हितं विचारते. मला संभाजीनगरला जायचंय. सही करताव का न्हाय?"

गुंडाप्पा उठला. फेटा एका कानावर आलेला. आता हा लग्नाचं काढणार, मी मनात म्हटलं, आणि पोरीचं वाटोळं माझ्या कागदानं होणार.

"खेळाला म्या कवा नको म्हणलो?" तो म्हणाला. "पर तू गेल्यावर घरात बोलणार कोण? तुझी माय लई बोलत न्हाय, मला बोलता येत न्हाय. दिस उगवला, मावळला, कळायचं बी न्हाय."

तारामतीनं पदर डोळ्यांना लावला. आणि भर मैदानात आठ जणींना हलवणारी ही पोरगी माईक खाली ठेवून बापाजवळ आली.

"रोज फोन करीन की, आप्पा," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी."

"कवा?"

"सातला."

गुंडाप्पानं विचार केला.

"साडेसातला कर," तो म्हणाला. "सातला म्या शेरडं कोंडत आसतो."