तेलाचा काटा आणि आमचे काका

हँगरमधले किस्से इंजिनाखाली ठेवलेल्या ट्रेमधल्या तेलासारखे असतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. थेंब थेंब पडत राहतात आणि एक दिवस ट्रे उचलायला जावं, तर दोन माणसं लागतात!

आमचं हँगर म्हणजे अल्लीपूरबाहेर, मुरमाच्या धावपट्टीशेजारी ठोकलेली टिनाची शेड. कपाशीच्या हंगामात तिथे फवारणीचं एक विमान असे. पिस्टन इंजिनाचं, वयाने माझ्यापेक्षा मोठं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी पिपरी मेघेची. नागपूरहून इंजिनिअरिंगचं शिक्षण घेऊन थेट इथे आले, कारण मला विमान दुरुस्तीच्या लायसन्सची परीक्षा द्यायची होती. त्यासाठी आमच्या मुख्य मेकॅनिकने, म्हणजे काकांनी, सांगायला हवं होतं की या मुलीने इंजिनावर स्वतःच्या हाताने काम केलं आहे. आणि काका मला इंजिनाला हातच लावू देत नव्हते!

पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरी, तू आफिसात बस. इंजिन बाईमाणसाचं काम नाई."

"इंजिनाला विचारलंत का?" मी म्हणाले.

टाकीत औषध भरणाऱ्या गड्यांचे मुकादम शेषराव गमछ्यात तोंड खुपसून हसले. "काका, तुमचा हंगाम काई खरा नाई बापा!"

*

त्या विमानाला एकच दुखणं होतं. तेल तापायचं.

इंजिनातलं तेल ठरावीक गरम असावं लागतं. काटा लाल रेषेपार गेला की तेल पातळ होतं, लोखंडावर लोखंड घासतं आणि इंजिन हवेतच अडकू शकतं. फवारणीचं विमान कपाशीच्या डोक्यावरून जातं. इंजिन थांबलं तर वैमानिकाला विचार करायलाही उंची नसते.

काकांचा यावरचा पहिला इलाज म्हणजे तेलाचं तापमान दाखवणाऱ्या गेजच्या काचेवर टिचकी मारणे. काटा जरा खाली आला की, "झालं! उडवा."

टिचकीने तेल कसं थंड होतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. काकांचा डोळा चुकवून मी गेजच्या नळीचं टोक इंजिनातून सोडवलं आणि शेषरावांच्या चहाच्या किटलीत, उकळत्या पाण्यात बुडवलं. काटा शंभरावर थांबायला हवा होता. तो सरळ लाल रेषेवर जाऊन बसला!

"पाहा काका! तेल तापलेलं नाही. गेजच खोटं बोलतंय."

काकांनी किटलीत डोकावलं. काट्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "अल्लीपूरचं पाणी जड आहे. जास्त तापते!"

नवीन गेज आलं, पण त्या पाण्याचा चहा आधी झाला. आमचे वैमानिक कॅप्टन पुण्याचे. एक घोट घेऊन म्हणाले, "आज मसाला बदललात का हो?"

*

नव्या गेजनेही जमिनीवरच काटा चढवायला सुरुवात केली.

काका रोज सकाळी इंजिन चालू करून तपासत, तेव्हा विमानाचं तोंड पूर्वेला. कायम पूर्वेला. आणि भाद्रपदात वारा येतो पश्चिमेकडून. म्हणजे वारा विमानाच्या शेपटीत आणि इंजिन बिचारं स्वतःच्याच वाफेत!

मी म्हणाले, "काका, तोंड वाऱ्याकडे करा."

"मावळतीकडं तोंड करून कोणतं चांगलं काम होते वं?"

"मग वाऱ्याला सांगा, उद्यापासून उगवतीकडून येत जा म्हणून."

काका तापले. पाना आपटून म्हणाले, "अठरा सिलिंडरची विमानं उभी केली आहेत म्या! कालची पोरगी मले दिशा शिकवून राह्यली!"

हा वाद चालू असताना कॅप्टन मुकाट्याने आत बसले, विमान वळवून त्याचं नाक पश्चिमेला केलं आणि वरून ओरडले, "काका, मी सूर्याला पाठ दाखवली आहे, पाप मला लागू द्या. काटा मात्र उतरला!"

दुसऱ्या दिवशी विमान पश्चिमेला तोंड करून उभं होतं. काका मात्र विमानाकडे पाठ करून, पूर्वेला तोंड करून उभे होते!

*

मोठी माणसं फक्त जमिनीवरच चुकतात असं नाही. काही हवेतही चुकतात.

मध्ये आठवडाभर तेल बरोबर दुपारी तापायचं. सकाळी ठीक, दुपारी लाल. काका म्हणाले, ऊन. मी म्हणाले, ऊन तर गेल्या आठवड्यातही होतं. शेवटी दुपारच्या फेरीआधी मी पंखावर चढून कॉकपिटात डोकावले.

तेल थंड करायला नाकाखाली एक कूलर असतो. त्याची झडप वैमानिक एका दांड्याने उघडतो आणि मिटतो. दांडा वर म्हणजे उघडी, खाली म्हणजे बंद. त्या दांड्याला कॅप्टनच्या जेवणाच्या डब्याची पिशवी लटकत होती! दुपारची फेरी झाली की दूरच्या शेतांजवळच्या पट्टीवर उतरून ते तिथेच जेवायचे.

"कॅप्टन! हा हुक नाही!"

ते खरोखर गोंधळले. "मग मी डबा ठेवू कुठे?"

"इंजिनावर ठेवा. आयता गरम होईल!"

काका आनंदाने मांडी थोपटायला लागले. हंगामात पहिल्यांदाच माझं बरोबर निघालं आणि चूक त्यांची नव्हती. मी लगेच विचारलं, "मग आता हात लावू इंजिनाला?"

"कूलरची झडप बाहेर असते," काका म्हणाले. "थे इंजिनात धरत नाईत."

*

दसऱ्याला काकांनी विमानाची पूजा केली. हळदकुंकू, नारळ आणि नाकाला झेंडूची हीऽ जाड माळ. मी म्हटलं, उडण्याआधी काढा. काका म्हणाले, "एक फेरी तरी राहू दे. सणाचा दिवस आहे."

कॅप्टन उडाले. थोड्याच वेळात कपाशीवर एक चक्कर मारून घाईघाईने परत उतरले. काटा लाल रेषेला टेकलेला!

मी कूलरच्या तोंडात हात घातला. झेंडू. अजून झेंडू. मग आपट्याची पानं. हवा आत जायची वाट पूर्ण बुजली होती. मी मुठी भरभरून बाहेर ओढत होते.

"अवं, निर्माल्य असं खेचते का कोणी!" काका कळवळले.

"देवाला हार घाला काका, पण त्याचं नाक तर उघडं ठेवा! वर माणूस बसलेला असतो!"

काका काही बोलणार, इतक्यात पलीकडच्या कपाशीच्या शेताचा मालक सायकल दामटत आला. "काहो," तो शेषरावांना म्हणाला, "वरून झेंडू पडून राह्यला ना आमच्या पऱ्हाटीवर. बोंडअळी मारता का तिचं लग्न लावता?"

*

हंगाम संपत आला. कपाशी फुटायला लागली, थंडी पडली. आणखी थोड्या फेऱ्या झाल्या की विमान जाणार, मीही जाणार, आणि काकांनी अजून माझ्या परीक्षेबद्दल एक शब्द काढला नव्हता.

त्या सकाळी शेषरावांनी कानाला गमछा गुंडाळला होता. पहिली फेरी करून कॅप्टन उतरले. तेल पुन्हा तापलेलं आणि या वेळी तेलाचा दाबही घसरलेला.

"ऊन चढलं," काका म्हणाले.

"कुठलं ऊन? शेषरावांचे दात वाजतायत!"

"अखेरच्या फेऱ्या आहेत वं. लोक वाट पाहून राह्यले. उडू दे."

मी विचार करत उभी राहिले. गेज खरं होतं. कूलर मीच पहाटे धुतला होता. झडप उघडी, नाक वाऱ्याकडे, डबा सीटखाली. बाहेरचं कारण एकही उरलं नव्हतं. म्हणजे जे होतं ते आत होतं.

कॅप्टन पाणी प्यायला उतरले होते. मी पंखावर चढले आणि त्यांच्या सीटवर जाऊन बसले.

"उतर," काका म्हणाले.

"आधी तेलाची गाळणी उघडा."

"गाळणी उघडली तं आजचा दिवस गेला! उतर म्हणतो!"

"नाही उतरत."

काका लालबुंद झाले. "मंग परीक्षा विसर! माह्या तोंडून तुह्यासाठी एक शब्द निघणार नाई!"

 मी पट्टा आवळून घेतला. "विसरले. आता गाळणी उघडा!"

कॅप्टन काकांना म्हणाले, "काका, माझी जागा गेली. मी काय तिच्या मांडीवर बसून उडू?"

काकांनी दात-ओठ खात गाळणी उघडली आणि तेल शेषरावांच्या गमछ्यावर ओतलं. तेल झिरपून गेलं. गमछ्यावर चकाकणारा कीस उरला. आतलं बेअरिंग झिजत होतं, तासलं जात होतं. कॅप्टननी तो कीस बोटावर घेऊन पाहिला आणि हेल्मेट काढून ठेवलं.

नेमकी तेव्हाच नागपूरहून कंपनीच्या साहेबांची जीप आली. शेतं वाट पाहतायत आणि विमान जमिनीवर! साहेब उतरतानाच ओरडले, "कोणी थांबवलं विमान?"

मी पट्टा सोडवेपर्यंत काका पुढे झाले. "म्या."

साहेबांनी काकांना असं झापलं की शेडचे टिन वाजले. म्हातारपण काढलं, अक्कल काढली. काका खाली मान घालून उभे. मी "साहेब!" म्हणून ओरडले, तर काकाच माझ्यावर गुरकावले, "चूप बस वं!"

जीप निघाली. मी विमानातून उडी मारली, धावपट्टी आडवी कापली आणि जीपसमोर जाऊन उभी राहिले. ब्रेक करकचले.

"साहेब, विमान मी थांबवलं! त्या शिव्या माझ्या होत्या. काकांना का दिल्या?"

"तू कोण?"

"मेकॅनिक!"

"असं कोण म्हणतं?"

काका धापा टाकत मागून पोहोचले होते. साहेबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही मेकॅनिक आहे?"

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांसमोर चक्क हात जोडले.

"साहेब, हिले येत्या परीक्षेले बसवाच. पास झाली तं निदान दुसऱ्या कोणाच्या विमानात जाऊन बसेल!"