उरला तेवढा जोर

श्रावणातल्या त्या सोमवारी मी महाकालाशी भांडत होतो. मनातल्या मनात नव्हे, चांगलं तोंडाने. घरात ऐकायला कुणी नव्हतं, सगळे सवारी बघायला गेले होते. श्रावणात सोमवारी महाकालाची पालखी मंदिरातून निघून रामघाटावर जाते, आणि कार्तिक चौकाजवळचं आमचं घर त्या वाटेला अगदी लागून आहे. लहानपणापासून मी सवारी चुकवली नव्हती. त्या दिवशी ही दारात थांबून म्हणाली, "अहो, चला ना, नुसते कोपऱ्यावर उभे राहू." मी म्हटलं, "त्याला गरज असेल तर तो येईल इथे. माझं काय अडलंय!" ती निघून गेली. ती भांडली नाही याचाही मला रागच आला.

राग कशाचा ते सांगतो. गेल्या थंडीत एका सकाळी मी मंदिरातून दर्शन घेऊन आलो, चहाचा कप उचलला आणि तो हातातून पडला. पक्षाघात. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र मागेच राहिला. शाळेत सारी वर्षं फळ्यावर गणितं सोडवलेला हात तो. आता सदऱ्याचं बटण लावायचं तरी घाम फुटतो. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य पाठ करून यायचा, "महाकाल की कृपा है मास्साब, बच गए." ऐकून माझं डोकं फिरायचं. त्याच्याच दारातून आलेल्या माणसाचा हात काढून घ्यायचा, ही कसली कृपा? त्या दिवसापासून मी मंदिराची पायरी चढलो नाही.

त्यात मोटरसायकलचं प्रकरण झालं. ही गाडी मी आजवर कुणा मेकॅनिकच्या हाती दिली नव्हती. आता ती माझी मुलगी सई चालवते. ती भैरवगढ़ला कापडावर ठप्प्यांची छपाई होते तिथे कामाला आहे. काही दिवस ब्रेक दाबला की पुढे 'टक्' असा आवाज येत होता. हँडल ज्या नळीत फिरतं तिच्यात वर आणि खाली छऱ्यांच्या वाट्या बसवलेल्या असतात, कोनसेट म्हणतात त्याला. त्याच्यावरचा खाचांचा नट ढिला झाला की असा आवाज येतो. काम घरच्या घरी होणारं, पण ते करणारा हात घरात राहिला नव्हता.

हिचा धाकटा भाऊ बंडू तेव्हा देवासहून आलेला होता. अंगाने पैलवान आणि सल्ला द्यायला सदैव तयार. मला काही सांगायची संधी न देता त्याने छन्नी लावली, हातोडीने नट ठोकून ठोकून बसवला आणि हात झटकत म्हणाला, "जिजाजी, अब ये जिंदगी भर नहीं हिलेगा." त्याचं बोलणं अगदीच खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी भैरवगढ़च्या वाटेवरच्या वळणावर सईने हँडल वळवलं, ते सरळ यायलाच तयार होईना. गाडी पुलियाच्या कठड्याकडे निघाली. तिने दोन्ही पाय टेकले म्हणून थोडक्यात निभावलं. कोपर सोलून घरी आली आणि मामाला कळू नये म्हणून हळूच मला म्हणाली, "बाबा, गाडी माझं ऐकत नाहीये. मी आता टेम्पोनेच जात जाईन." ही म्हणाली, विकून टाका ते लोढणं.

मी आतून पेटलो होतो. ती गाडी दुरुस्त करणं मला जमलं नाही तर मुलीच्या जिवाची काळजी घेणारा बाप म्हणून माझा काही उपयोग उरणार नाही, एवढंच मला कळत होतं. आणि चुकीची दुरुस्ती झाली तर पुढच्या वेळी नुसतं कोपर सोलून भागणार नाही, हेही कळत होतं.

म्हणून सगळे गेल्यावर मी दारापुढच्या ओट्याशी डबल स्टँडवर लावलेल्या गाडीजवळ हत्यारं मांडली. पान्यात लोखंडी नळी अडकवून डाव्या हाताने, खाचांच्या नटाच्याही वर असतो तो मोठा नट सोडवला. पण पुढे गाडं अडलं. कोनसेट जुळवताना पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं लागतं. इंजिनाखाली विटा सरकवायच्या तर गाडी एका हाताने उचलायची कशी? तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा विटा कलंडल्या. कोपऱ्यावरून झांजा-डमरूंचा आवाज येत होता, 'जय महाकाल'चा गजर होत होता. मी त्या आवाजाच्या दिशेने ओरडलो, "मोठा राजा म्हणवतोस! मिरव, खुशाल मिरव!"

"किससे लड़ रहा है बेटा?" रस्त्यावरून कुणीतरी विचारलं.

कुठल्याशा खेड्यातली म्हातारी होती. अंगाने चांगली भरलेली, डोक्यावर पदर, एका पायात चप्पल, दुसरी गर्दीत गेलेली. घरच्यांपासून चुकामूक झाली होती आणि तिला पाणी हवं होतं. मी पाणी दिलं, पण तोंड वाकडं करूनच दिलं. ती ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि आपणहून सांगू लागली, "दर्शन तो नी हुए. इत्ती भीड़, पालकी का कलस भी नी दिखा." मी खवचटपणे म्हटलं, "मग एवढ्या लांबून येऊन काय मिळालं, माँजी?" माझं मराठी तिला कितपत कळलं कोण जाणे. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "मैंने नी देखा तो क्या, उनने तो देख लिया होगा."

मी पुन्हा विटा सरकवायला गेलो, तेव्हा तिने विचारलं, "क्या करना है?" मी वैतागून म्हटलं, "अगला पहिया उठाना है. पीछे कोई बैठ जाए तो उठ जाएगा, पर बैठेगा कौन?" ती ओट्यावरून सरकली आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढचं चाक अलगद वर आलं. म्हातारी हसली, "ले, आज तो मैं ही पालकी में बैठ गई. तू अपना काम कर, मैं बैठी हूँ."

खाचेत अडकणाऱ्या आकड्याच्या पान्याने मी बंडूने ठोकलेला नट सोडवला. मग डाव्या हाताने घट्ट करू लागलो. डाव्या हातात जोर होता, पण अंदाज नव्हता, आणि अंगात राग. हँडल दगडासारखं झालं. ढिलं केलं, तर पुढचं चाक धरणारा फोर्क खडखडला. पुन्हा घट्ट, पुन्हा दगड. तिसऱ्यांदा ढिला करताच पाना निसटला आणि डाव्या हाताची बोटं फुटून रक्त आलं. तेव्हा नाइलाजाने मी पाना उजव्या हातात धरला. बोटं जेमतेम मिटली. नट थोडासा आवळला गेला आणि थांबला. मी सगळी ताकद लावली, नट मात्र तसूभर सरकला नाही. डोळ्यांत पाणी आलं. मी त्या अनोळखी बाईसमोरच महाकालाला म्हटलं, "एवढाच जोर ठेवलास माझ्याजवळ? एवढाच?"

संतापून मी पाना फेकला. त्या हिसक्यात माझं कोपर हँडलला लागलं असावं. हँडल सावकाश डावीकडे वळलं आणि स्वतःच्याच वजनाने शेवटपर्यंत जाऊन टेकलं. मी बघत राहिलो. मधे आणून उजवीकडे जरा बोट लावलं, तसंच अलगद उजवीकडे पडलं. मधे कुठे अडखळलं नाही, म्हणजे छरे शाबूत होते. खाली बसून फोर्क पुढे-मागे हलवून पाहिला. खडखड नव्हती. कोनसेट जुळवताना हेच तर हवं असतं, फटही नको आणि जबरदस्तीही नको. माझ्या हातात जेवढा जोर उरला होता, त्या नटाला तेवढाच हवा होता.

मी तिथेच फरशीवर बसलो आणि रडलो. म्हातारीने विचारलं, "हो गया क्या? उतरूँ?"

तेवढ्यात तिची सून शोधत आली आणि रस्त्यावरूनच तिच्यावर खेकसली. म्हातारी ओट्यावर उतरली, मी माझ्या चपला तिला घालायला दिल्या आणि ती गेली. ती कोण, कुठली, मी विचारलं नाही. मला ती कुणी दिव्य वाटली नाही, सुनेची बोलणी खाणारी एक म्हातारीच वाटली. पण ती आली नसती तर चाक वर आलं नसतं, हे खरं आहे.

सगळे परतल्यावर वरचा मोठा नट बंडूकडून आवळून घेतला. तो घट्टच लागतो. "अब लगा जितना दम है," मी म्हटलं. त्याने आवळल्यावर म्हातारीच्या जागी त्यालाच मागे बसवून पुन्हा हँडलला बोट लावलं. दोन्हीकडे आपोआप पडलं. हिने विचारलं, "तुम्ही केलंत?" मी म्हटलं, "निम्मं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सई चक्कर मारायला निघाली, तेव्हा मी तिच्या मागे बसलो. पडायचं तर बापाने सोबत पडावं. गुदरीच्या वळणावर तिने गाडी कलती केली आणि ती आपसूक सरळ आली. "बाबा, ऐकतेय आता," ती म्हणाली. मागे बसल्या बसल्या मला म्हातारी आठवली. जिथे आपला जोर संपला होता तिथेच काम नेमकं झालं होतं, आणि मी त्याच जागेवरून इतके महिने महाकालाला शिव्या देत होतो. राग सगळा गेला असं म्हणणार नाही. हात अजून तसाच आहे आणि मला तो परत हवाच आहे. पण आता मागताना मी ओरडत नाही.

"कुठून घेऊ?" सईने विचारलं. मी म्हटलं, "मंदिराकडून." शिखर दिसलं तिथे तिला गाडी थांबवायला सांगितली. मी हात जोडले. उजवा तळवा डाव्याला पुरता टेकेना, बोटं वाकडीच राहिली. मी डाव्याने त्याला ओढलं नाही. जेवढा टेकला तेवढ्यावरच नमस्कार केला.